आकाशगंगेतला शेजार

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला पाऊण तास दिला आहे आणि त्यानंतर महाप्रसाद आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. फलकावर विषय लागल्यापासून दोघा-तिघांनी मला अडवून विचारले, "काय हो, उडत्या तबकड्यांवर बोलणार का?" तर नाही. तबकड्या मी पाहिलेल्या नाहीत. माझे सारे आयुष्य अँटेनांच्या कामात गेले, आणि त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट अशी, की समोरचा किती हुशार आहे हे नंतर बघा. आधी तो किती लांब आहे, मध्ये काय आहे आणि आजूबाजूला गोंगाट किती आहे ते बघा. परग्रहावरच्या संस्कृतींविषयी आपण बोलतो तेव्हा नेमके हेच विसरतो. ते दिसायला कसे असतील यावर सिनेमे निघाले, पण ते राहतात कुठे, त्यांचा शेजार कसा आहे, याचा विचार फारसा होत नाही. आज मी फक्त शेजाराबद्दल बोलणार आहे.

आपल्या पिढीला या विषयाची गोडी लावली ती डॉ. जयंत नारळीकरांनी. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा असला तरी शिक्षण झाले बनारसला, कारण वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे तेही आपल्यासारखे मुलखाबाहेर वाढलेले मराठी. मराठीत विज्ञान सांगता येते हे त्यांनी दाखवून दिले, म्हणून आज मी हे धाडस करतो आहे.

आधी आपला पत्ता समजून घेऊ. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि सूर्य तिच्या मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. गावकुसाबाहेर म्हणता येणार नाही, पण भर बाजारपेठेतही नाही. आपल्यापासून दहा प्रकाशवर्षांच्या आत जेमतेम डझनभर तारे सापडतात. सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा, तो ४.२४ प्रकाशवर्षांवर. माळरानावर एकच घर बांधावे आणि पुढचे घर दोन कोसांवर असावे, अशी आपली स्थिती आहे.

हे अंतर म्हणजे किती? व्हॉयेजर-१ यान १९७७ मध्ये निघाले आणि २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडले. त्याचा वेग सेकंदाला १७ किलोमीटर, म्हणजे बंगळुरूहून मुंबई एका मिनिटात. त्याच वेगाने प्रॉक्झिमापर्यंत जायचे तर सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. आणि तिथे कोणी असलेच, तर "कसे आहात?" या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी मिळेल.

आता दुसरा शेजार बघू. आकाशगंगेभोवती सुमारे दीडशे गोलाकार तारकागुच्छ आहेत. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा. शंभरेक प्रकाशवर्षांच्या गोळ्यात लाखो तारे कोंबलेले असतात, आणि हे तारे दहा-बारा अब्ज वर्षांचे, म्हणजे आपल्या सूर्याच्या दुपटीहून अधिक वयाचे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा त्यांतला सर्वांत मोठा. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास बंगळुरूहून दक्षिणेला, क्षितिजापासून तीस अंशांवर, अंधारी जागा मिळाली तर तो नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. पुण्या-मुंबईपेक्षा तो आपल्याला अधिक उंचावर मिळतो. दक्षिणेत येऊन राहिल्याचा हा एक फायदा, एरवी आपण तक्रारीच फार करतो.

२०१६ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातल्या रोझान डी स्टेफानो आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले अलक रे या दोघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रगत संस्कृती शोधायच्या तर या गोलाकार गुच्छांत शोधा. कारण तिथे शेजारचा तारा आपल्या मानाने वीसपट जवळ असू शकतो. हा 'वीसपट' वाचून माझ्यासारख्या अँटेनावाल्याचे कान टवकारतात. ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यात दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर ०.१६ प्रकाशवर्ष आहे. तेवढे अंतर व्हॉयेजर तीन हजार वर्षांच्या आत कापील. प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाचे यान कोणी बनवले, तर ते दहा महिन्यांत पोचेल. आपल्याकडून प्रॉक्झिमाला त्याला २१ वर्षे लागतील. आणि पत्राचे उत्तर? चार महिन्यांत!

मंडळी, चार महिने आणि साडेआठ वर्षे यांतला फरक नुसता आकड्यांचा नाही. आपण सगळे घर सोडून आलेली माणसे आहोत, त्यामुळे हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ज्या काळी ट्रंक कॉल लागायला तास-तास लागत आणि गावाकडचे आंतरदेशीय पत्र आठवड्याने येई, तेव्हाही आपण गावाचेच राहिलो. कोणाचे लग्न ठरले, कोणाची विहीर आटली, हे कळत होते. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबे तंजावरला गेली, त्यांची मराठी आज ऐकून बघा. मराठीच आहे, गोड आहे, पण तिने स्वतःची वाट धरली. ये-जा विरळ झाली की शब्द, चालीरीती, सगळेच हळूहळू वेगळे होत जाते. गुच्छातल्या एखाद्या संस्कृतीने शेजारच्या ताऱ्याभोवती वसाहत केली, तर ती वसाहत तिचीच राहील. एका घरावर संकट आले तर दुसऱ्या घरून मदत निघेल. आपल्यासारख्या माळावरच्या संस्कृतीने तसे केले, तर काही पिढ्यांत ते दोन वेगळे लोक होतील. डी स्टेफानो आणि रे यांनी या सोयीला 'गोलाकार गुच्छातील संधी' असे नाव दिले आहे. एकदा दोन-चार घरे झाली की ती संस्कृती एका अपघाताने संपत नाही, आणि जी दीर्घकाळ टिकते तीच शोधात सापडण्याची शक्यता अधिक.

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल, की मग प्रश्नच मिटला, सगळ्या दुर्बिणी तिकडे वळवा. पण ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत त्यांना माहीत आहे, की शेजार जवळ असला की साखर मागता येते आणि भांडणेही ऐकू येतात. गुच्छातली गर्दी ताऱ्यांना सुखाने नांदू देत नाही.

याचा एक पुरावा आपल्या जुन्नर तालुक्यातून मिळाला. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तिच्या साहाय्याने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या गोलाकार गुच्छात एक पल्सार सापडला. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गिरक्या घेणारा गाभा. हा सेकंदाला दोनशे गिरक्या घेतो आणि एका जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पल्सारची कक्षा सहसा वर्तुळाकार असते. लांबट असण्याचा अर्थ संशोधकांनी असा लावला, की याचा मूळ जोडीदार कोणीतरी धक्का देऊन घालवला आणि त्याची जागा दुसऱ्याने घेतली. गुच्छाच्या गाभ्यात असे चालते.

मग ग्रहांचे काय होत असेल? १९९९ मध्ये हबल दुर्बिणीने ४७ टुकाने या गुच्छातले सुमारे ३४ हजार तारे सलग आठ दिवस न्याहाळले. आपल्या परिसरात ज्या प्रमाणात ताऱ्याला चिकटून फिरणारे गुरूसारखे मोठे ग्रह सापडतात, त्या हिशेबाने तिथे सतरा सापडायला हवे होते. एकही सापडला नाही. याचे एक कारण गर्दी, आणि दुसरे कारण कच्चा माल. हे तारे इतके जुने आहेत, की ते जन्मले तेव्हा विश्वात लोखंड, सिलिकॉन असले पदार्थ फार थोडे होते. ग्रह काय नुसत्या हायड्रोजनचे होत नाहीत; घर बांधायला विटा लागतात.

तरीही एक ग्रह आहे. वृश्चिकेतल्या ज्येष्ठा नक्षत्राला खेटून एम-४ नावाचा गोलाकार गुच्छ आहे, आपल्यापासून सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांवर. त्यात एक पल्सार आणि एक श्वेत बटू एकमेकांभोवती फिरतात, आणि त्या दोघांभोवती लांबून, गुरूच्या अडीचपट वजनाचा एक ग्रह फिरतो. त्याचा सुगावा १९९३ मध्ये लागला आणि २००३ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून वजन पक्के झाले. वय सुमारे १२ अब्ज वर्षे. त्याची कथा शास्त्रज्ञ अशी मांडतात, की तो जन्मला एका साध्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती. तो तारा फिरत फिरत गाभ्याकडे गेला, तिथे एका न्यूट्रॉन ताऱ्याने आपला जुना जोडीदार सोडून याला धरले, आणि ग्रहही सोबत ओढला गेला. पुढे तो तारा म्हातारा होऊन श्वेत बटू झाला. ग्रह मात्र अजून फिरतोच आहे. मला या ग्रहाचे फार कौतुक वाटते. त्याच्यावर कोणी राहत असेल असे नाही, तो वायूचा गोळा आहे. पण एवढ्या धकाधकीत ग्रह टिकू शकतो, हे त्याने सिद्ध केले.

डी स्टेफानो आणि रे यांचा युक्तिवादही याच बाजूचा आहे. गुच्छातले मोठे तारे केव्हाच विझले, उरले ते छोटे, मंद, लाल बटू. मंद शेकोटीजवळ ऊब हवी तर अगदी जवळ बसावे लागते. तसा या ताऱ्यांचा वसतियोग्य पट्टा ताऱ्याला लागूनच असतो. इतक्या आत असलेला ग्रह बाजूने जाणाऱ्या ताऱ्याला सहजी ओढून नेता येत नाही. शिवाय मोठे तारे उरलेले नसल्यामुळे त्यांच्या मृत्यूतून होणारे सुपरनोव्हाचे स्फोटही तिथे आता होत नाहीत. विटांच्या टंचाईबद्दल ते सांगतात, की सूर्याच्या एक-दशांश जड मूलद्रव्ये असलेल्या ताऱ्यांभोवतीही ग्रह सापडले आहेत.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. २०१८ मध्ये स्टीफन केन आणि सारा डेव्हेनी यांनी ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यातल्या साडेतीन लाख ताऱ्यांचा हिशेब मांडला. त्यांच्या मते तिथे साधारण दर दहा लाख वर्षांनी एखादा तारा ग्रहमालेला उपद्रव होईल इतक्या जवळून जातो. आपल्या पृथ्वीवर जीव रुजून मनुष्य व्हायला अब्जावधी वर्षे लागली. दर दहा लाख वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागत असेल तर संसार कसा व्हायचा? गाभ्याच्या बाबतीत मला केन-डेव्हेनी यांचे म्हणणे पटते. पण गुच्छ म्हणजे नुसता गाभा नव्हे. गाभा आणि कडा यांच्या मधला एक पट्टा असा असणार, जिथे शेजार अजून जवळ आहे पण धक्काबुक्की कमी. त्या पट्ट्यावरच माझी पैज आहे.

प्रवासाची आणखी एक अडचण म्हणजे वाटेतली धूळ. २०१६ मध्ये प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाने चिमुकली याने आल्फा सेंटॉरीकडे धाडण्याची 'ब्रेकथ्रू स्टारशॉट' योजना जाहीर झाली, तेव्हा मी सहज गणित करून पाहिले. त्या वेगाने जाताना एक मिलिग्रॅमचा, म्हणजे वाळूच्या एका कणाचा धक्का बसला तर त्यात सुमारे ५०० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. आपल्यापैकी पुष्कळांचे दोन-तीन महिन्यांचे वीजबिल एका कणात! सुदैवाने ताऱ्यांमधली बहुतेक धूळ याहून कितीतरी बारीक, पिठाहून बारीक असते. पण वाट प्रकाशवर्षांची असली की असे कण एकामागून एक आदळत राहतात आणि यानाचा पुढचा भाग झिजत जातो. गोलाकार गुच्छात ही अडचण बरीच कमी, कारण आकाशगंगेच्या तबकडीतून आरपार जाताना प्रत्येक फेरीत गुच्छातला वायू आणि धूळ झाडून निघते. ४७ टुकानेमध्ये वायू आहे हे २००१ मध्ये पल्सारांच्या निरीक्षणांवरून कळले, आणि गाभ्यात तो सूर्याच्या एक-दशांश वजनाइतकाच निघाला. रस्ता छोटा आणि झाडलेलाही.

आपल्या परिसराचेही एक भाग्य आहे. सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीपासून इथे एकामागून एक पंधराएक सुपरनोव्हा उडाले आणि त्यांनी वायू बाहेर ढकलून हजार प्रकाशवर्षे रुंदीचा एक पोकळ बुडबुडा तयार केला. २०२२ मध्ये त्याचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध झाला. सूर्य फिरत फिरत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी त्या बुडबुड्यात शिरला. म्हणजे हल्ली आपण जरा मोकळ्या जागेत राहतो आहोत.

आणि तारे स्थिर नाहीत, हेही ध्यानात ठेवा. सुमारे ७०-८० हजार वर्षांपूर्वी शोल्झचा तारा नावाचा एक लाल बटू आपल्यापासून सुमारे एका प्रकाशवर्षावरून निघून गेला. २०१९ मध्ये जोनाथन कॅरोल-नेलेनबॅक, अॅडम फ्रँक, जेसन राइट आणि कॅलेब शार्फ यांनी दाखवले, की संस्कृतींनी उगाच लांब उड्या न मारता तारा जवळ येण्याची वाट पाहिली तरी त्या पसरू शकतात. आपण नाही का, चालत न जाता थांब्यावर बसची वाट बघतो? त्यांच्या हिशेबात असेही निघते, की आकाशगंगेत पुष्कळ वस्ती असूनही आपल्यासारखा एखादा कोपरा कित्येक लाख वर्षे कोणाच्या वाटेवर न येता राहू शकतो. कोणी आले नाही याचा अर्थ कोणी नाही असा होत नाही. आपण आडबाजूला राहतो, एवढाच अर्थ होऊ शकतो.

आकाशगंगेच्या केंद्राबद्दल दोन शब्द. तिथे तारे दाट आहेत, पण मधोमध ४० लाख सूर्यांइतक्या वजनाचे कृष्णविवर आहे, आणि काही दशलक्ष वर्षांपूर्वी तिथे मोठा उद्रेक झाल्याच्या खुणा २०१० मध्ये गॅमा किरणांत दिसल्या. राहायला मी ती जागा निवडणार नाही. ऐकायला मात्र ती दिशा बरी, कारण त्या एका रेषेत असंख्य तारे येतात. पुण्याच्या एनसीआरएमधून पीएच.डी. केलेले विशाल गज्जर आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये तशी पाहणी प्रसिद्ध केली. परक्या संस्कृतीचा संदेश आढळला नाही.

आता माझ्या धंद्यातला हिशेब. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीवरून माणसाने एक संदेश पाठवला, १,६७९ ठिपक्यांचा, तीन मिनिटांचा. पाठवला कुठे, तर शौरी तारकासमूहातल्या एम-१३ या गोलाकार गुच्छाकडे. एका दिशेला काही लाख तारे, हा त्यातला विचार. पण एम-१३ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. २५ प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या ताऱ्याशी तुलना केली तर अंतर हजारपट, म्हणजे संदेश दहा लाखपट क्षीण होऊन पोचणार. तारे लाखोपट मिळवले आणि शक्ती दहा लाखपट गमावली; व्यवहार जवळजवळ बरोबरीत सुटला. उत्तर यायला पन्नास हजार वर्षे, हे वेगळेच. ज्या दुर्बिणीने तो पाठवला ती १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. पत्र अजून वाटेत आहे, पाठवणाऱ्याचे घर पडले.

मग दुर्बिणीचा वेळ कुठे घालवायचा? दुर्बिणीचा वेळ फुकट नसतो. एका तासासाठी डझनभर अर्ज असतात. मला विचाराल तर गुच्छांकडे संदेश पाठवण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे कान लावण्यात आहे. आपल्यासारखी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेडिओ शिकलेली संस्कृती तिथून ऐकू येणार नाही; दहा लाखपट क्षीण झालेला तिचा आवाज गोंगाटात बुडेल. पण जी तिथे अब्जावधी वर्षे टिकली, चार-दोन घरे करून बसली, तिचे आपापसातले दळणवळण मोठे असेल. वसाहती वाढल्या की बोलणे वाढतेच, आपल्याकडे बघा. म्हणून जवळच्या एकेका ताऱ्याची पाहणी मुख्य ठेवावी आणि दहा तासांतला एक तास गुच्छांना द्यावा, तोही एम-४ सारख्या जवळच्यांना आधी. एम-४ एम-१३ च्या मानाने चौपट जवळ आहे, म्हणजे आवाज सोळापट मोठा. शिवाय पल्सार शोधण्यासाठी या गुच्छांची निरीक्षणे जीएमआरटीसारख्या दुर्बिणींवर होतातच. तीच नोंद दुसऱ्या चाळणीतून गाळायची, एवढेच वाढीव काम. आपल्या मुलांपैकी कोणी सॉफ्टवेअर सोडून खगोलशास्त्राकडे वळणार असेल, तर त्याला करण्याजोगे हे काम आहे. सॉफ्टवेअर न सोडताही करता येईल, चाळणी सॉफ्टवेअरचीच असते.

महाप्रसादाचा वास येऊ लागला आहे, तेव्हा एम-४ कसा बघायचा तेवढे सांगून थांबतो. ज्येष्ठा गौरींचे पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होते, म्हणजे त्या रात्री चंद्र ज्येष्ठेच्या आसपास असतो. ज्येष्ठेचा मुख्य तारा तांबूस आहे, त्याच्या पश्चिमेला चंद्राच्या अडीच बिंबांइतक्या अंतरावर एम-४. पण पूजनाच्या रात्री चंद्राच्या उजेडात काही दिसायचे नाही. अनंत चतुर्दशी होऊन चार-पाच दिवस गेले, चंद्र उशिरा उगवू लागला आणि पाऊस उघडला, तर शहराच्या दिव्यांपासून लांब जा. अंधार पडल्याबरोबर नैर्ऋत्येला बघा, उशीर केलात तर वृश्चिक मावळेल. साधी द्विनेत्री पुरे. कापसाच्या बोळ्यासारखा एक पुसट ठिपका दिसेल. आमच्या ऑफिसमधल्या दोघांकडे द्विनेत्री आहेत, त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणानंतर सांस्कृतिक चिटणिसांकडे नावे द्यावीत.